बांधाकडे पाठ करा आणि नाल्याने खाली चालत सुटा: खासगी मातीच्या धरणाचा धोका-वर्ग घरच्या घरी कसा ठरवायचा

मे महिना अर्धा सरला की फोन सुरू होतात, बहुधा कोथरूड नाहीतर बाणेरहून. "मॅडम, मुळशीत आमची थोडी जागा आहे. वरच्या अंगाला छोटंसं तळं आहे. पावसाआधी एकदा बघून जाता का?" मी विचारते, तळं आहे की धरण? पलीकडून हसू ऐकू येतं. "धरण कसलं हो, जेसीबी लावून आठवड्याभरात घातलेला बांध आहे."

नाल्याला आडवा मातीचा भराव आहे आणि त्याच्या मागे पाणी साठतं, म्हणजे ते धरणच. तो किती दिवसांत घातला, त्याला कुणी मंजुरी दिली, सातबाऱ्यावर तो काय म्हणून लागलाय, हे पाण्याला ठाऊक नसतं. जमिनीत खणलेल्या शेततळ्याची गोष्ट वेगळी. त्याचं पाणी जमिनीच्या पातळीखाली असतं, ते सहसा कुणाच्या घरात शिरत नाही. बांधामागचं पाणी मात्र खालच्या लोकांच्या डोक्यावर उभं असतं.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. निवृत्तीनंतर असे खासगी बांध बघायला जाते. माझा जन्म फेब्रुवारी 1961 चा. 12 जुलैला पानशेत धरण फुटलं तेव्हा आई मला दुपट्यात गुंडाळून पर्वतीकडे पळाली होती. आमच्या घरातल्या तांब्याच्या बंबावर पुराच्या चिखलाची रेघ कितीतरी वर्षं होती, चिंचेने घासूनही जायची नाही. पानशेतही मातीचंच होतं. विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेचं, काम अपुरं असताना मागे पाणी चढलं, भराव खचला आणि पाणी माथ्यावरून वाहायला लागलं. मग त्या लोंढ्याने खालचं दगडी खडकवासला फोडलं. म्हणून वर्ग ठरवायला बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या बांधाच्या खाली त्याच नाल्यावर आणखी कुणाचा बांध आहे का? असेल तर दोन्ही साठे बेरजेत धरायचे.

आधी खाली

बहुतेक मालक मला थेट बांधावर नेतात. पिचिंग (उतारावरचं दगडी अस्तर) बघा, माथ्यावर कशी गाडी जाते बघा. मी बांधाकडे पाठ करते आणि नाल्याने खाली चालायला लागते. धोक्याचा वर्ग म्हणजे तुमच्या बांधाच्या तब्येतीचं प्रमाणपत्र नव्हे. बांध फुटलाच तर खाली काय होईल, एवढंच तो सांगतो. ठणठणीत बांधही सर्वात वरच्या वर्गात असू शकतो आणि पार खिळखिळा बांध सर्वात खालच्या. या दोन गोष्टींची गल्लत अभियंतेही करतात, मग मालकांना कशाला नावं ठेवा.

किती चालायचं? नाला मोठ्या नदीला किंवा धरणाच्या फुगवट्याला मिळेपर्यंत. मुळशी-मावळात हे अंतर साधारण दोन-तीन किलोमीटर भरतं. हातात वही, खिशात खडू आणि सोबत गावातला एक माणूस. उपग्रहाच्या चित्रात छपराखाली कोण झोपतं ते दिसत नाही, ते गावचा माणूसच सांगतो. बांधाच्या अगदी पायथ्याशी पुराची खोली बांधाच्या उंचीच्या निम्मी धरावी, हा माझा ठोकताळा. पुढे खोरं पसरलं की ती कमी होत जाते, अरुंद घळीत मात्र बराच वेळ टिकते. बांध सहा मीटरचा असेल तर सुरुवातीला नाल्याच्या तळापासून तीन मीटर उंचीपर्यंत काय काय येतं ते बघायचं. झाडाच्या बुंध्यावर, खांबावर खडूने खुणा करत जायचं.

मोजायची रात्रीची माणसं. बांध दिवसाढवळ्या फुटला तर निदान कुणाला तरी दिसतो. रस्त्यावरच्या मोऱ्या विशेष लक्ष देऊन बघाव्यात. झाडोरा, ओंडके, गाळ येऊन मोरी तुंबते, रस्त्याचा भराव हाच दुसरा बांध होतो आणि मोरीच्या वरच्या बाजूच्या घरात पाणी अपेक्षेपेक्षा जास्त चढतं. गुडघ्याएवढं वेगाचं पाणी माणसाला आडवं करतं आणि दोन फूट पाणी चारचाकी उचलून नेतं. "आमच्या नाल्याला एवढं पाणी येतं तरी कुठे" असं कुणी म्हटलं की मी 25 सप्टेंबर 2019 ची पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र आठवायला सांगते. तिथे तर नुसता पाऊस होता.

गेल्या वर्षी कोळवण खोऱ्यात एक बांध पाहिला. मालक म्हणाले, खाली काहीच नाही, नुसती भातखाचरं. आम्ही निघालो. सहाशे पावलांवर नाल्याच्या काठी अकरा तंबू, 'वीकेंड कॅम्पिंग'चा फलक आणि पाण्यात पाय सोडून बसायला मुद्दाम केलेला लाकडी कट्टा. त्याच्या पुढे नव्या प्लॉटिंगवर काम करणाऱ्या मजुरांच्या चार पत्र्याच्या खोल्या. बाहेर दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. मालकांनी बांध 2011 साली घातला, तेव्हा खरोखरच भातखाचरं होती. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागे-पुढे करून बघता येतात, ती आम्ही नंतर त्यांच्या लॅपटॉपवर पाहिली. बांध होता तसाच आहे. वर्ग मात्र मालकांना न विचारता दोन पायऱ्या चढून बसला. पुण्याच्या पश्चिमेला ज्या वेगाने गुंठे विकले जाताहेत ते बघता, दर दोन वर्षांनी ही चाल पुन्हा करावी असं मी सांगते.

मग आकडे

तीन मापं लागतात. उंची मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. माथ्यापासून नाल्याच्या तळापर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत यायचं. पसारा गूगल अर्थवर पूर्ण साठ्याच्या कडेने रेघ फिरवली की मिळतो. जास्तीत जास्त खोली मेमध्ये पाणी आटलेलं असताना मोजावी, तेव्हा सोपं जातं. साठा म्हणजे पसारा गुणिले खोली गुणिले 0.4. तळ्याचा तळ बशीसारखा उतरता असतो, म्हणून पूर्ण गुणाकार धरत नाहीत. कोळवणच्या तळ्याचा पसारा एक हेक्टर, म्हणजे 10,000 चौरस मीटर आणि खोली 6 मीटर. साठा झाला 24,000 घनमीटर. आमच्या भाषेत 24 टीसीएम (हजार घनमीटर). मालकांच्या भाषेत दहा हजार लिटरचे 2,400 टँकर. ही दुसरी भाषा ऐकल्यावर ते खुर्चीत जरा सरसावून बसले.

फुटल्यावर लोंढा केवढा येईल, याला मी फ्रोलिच यांचं 1995 चं सूत्र वापरते. साठ्याचा (घनमीटर) 0.295 वा घात, गुणिले पाण्याच्या उंचीचा (मीटर) 1.24 वा घात, गुणिले 0.607. फोनच्या कॅल्क्युलेटरला आडवं धरलं की घाताचं बटण दिसतं. उत्तर येतं सेकंदाला सुमारे 110 घनमीटर. पुणेकराला घनमीटर कळत नाहीत, पण क्युसेक (सेकंदाला घनफूट) कळतात. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडा घरोघरी तोंडपाठ असतो. 110 ला 35.3 ने गुणा: जवळजवळ 3,900 क्युसेक. मुठेच्या पात्राला हा आकडा किरकोळ. पण मुठेला तो भोंगा वाजवून, दरवाजे हळूहळू उचलून सोडतात. इथे तो उडी मारून ओलांडता येईल अशा नाल्यात, मध्यरात्री, काही मिनिटांत येणार. सूत्र ठोकळ आहे, आकडा वर-खाली होऊ शकतो. पण पाणी तंबूंच्या खालून जाईल की तंबूंवरून, हे कळायला तेवढा पुरतो.

कायद्यात कुठे बसतं

धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. त्यातलं 'विनिर्दिष्ट धरण' म्हणजे 15 मीटरपेक्षा उंच असलेलं. किंवा 10 ते 15 मीटरचं, पण माथ्याची लांबी निदान 500 मीटर, किंवा साठा निदान 10 लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग निदान 2,000 घनमीटर प्रतिसेकंद, किंवा पाया फार अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी, यातलं काही लागू होणारं. उंची जमिनीपासून नव्हे, तर पायाच्या सर्वसाधारण भागातल्या सर्वात खालच्या पातळीपासून माथ्यापर्यंत. मालक सरकार आहे की खासगी, याने फरक पडत नाही. तुमचं धरण यात बसत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि नाशिकच्या धरण सुरक्षितता संघटनेशी पत्रव्यवहार सुरू करा. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी तुम्हाला टाळता येणार नाही.

आपलं 24 टीसीएमचं तळं यात कुठेच बसत नाही. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाजूने जायच्या वाटेच्या, क्षमतेसाठी जे भारतीय मानक आहे (आयएस 11223), त्यात 'लहान' धरणाचा साठाच 5 लाख घनमीटरपासून सुरू होतो. म्हणजे आपण लहानातही नाही. विनिर्दिष्ट नसलेल्या धरणाच्या मालकानेही सुरक्षिततेची काळजी घ्यायची आहे, असं कायद्यात आहे. पण दारात येऊन विचारणारं कुणी नसतं. वर्ग आपला आपणच लावायचा.

केंद्रीय जल आयोगाच्या 2020 च्या मार्गदर्शिकेत धोक्याचे चार वर्ग आहेत, पहिला सौम्य, चौथा सर्वात गंभीर. घरगुती कामाला मी अमेरिकेतली तीन वर्गांची रीत वापरते, कारण ती राखणदारालाही पाच मिनिटांत समजते. नुकसान बहुतेक मालकाच्याच आवारात राहणार असेल तर हिरवा. माणूस दगावण्याची शक्यता नाही, पण दुसऱ्याचं शेत, रस्ता, वीजवाहिनी, पाणीयोजना जाणार असेल तर पिवळा. एकही माणूस दगावण्याची शक्यता असेल तर लाल. इथे माणसांची संख्या बघायची नाही, एक पुरे. तिकडे जॉर्जिया राज्यात 6 नोव्हेंबर 1977 ला मध्यरात्र उलटल्यावर एका कॉलेजच्या मालकीचं मातीचं धरण फुटलं, 39 जण गेले. तेही कुणी मोठ्या धरणांत मोजत नव्हतं.

कोळवणचा बांध लाल. मालक जरा दुखावले. "पण मॅडम, बांध तर मजबूत आहे ना?" मी म्हटलं, ते अजून बघायचंय. वहीत दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. पहिली: धोका लाल. दुसरी: स्थिती, आणि पुढे मोकळी जागा.

आता बांध

सर्वात आधी सांडवा. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की संपलं, त्यामुळे पाण्याला बाजूने जायची वाट मोकळी हवी. इथे सांडवा तीन मीटर रुंद होता आणि त्याच्या तोंडाला कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकलेली. का? तर रोहू-कटला वाहून जाऊ नयेत म्हणून! जाळीला पालापाचोळा असा चिकटला होता की तिच्यातून पलीकडचं दिसत नव्हतं. जाळी मी तिथल्या तिथे काढायला लावली. काही ठिकाणी वाळूची पोती रचून सांडवा उंच केलेला सापडतो, दोन महिने जास्त पाणी पुरावं म्हणून. तेही तसंच.

तीन मीटर पुरे आहेत का, याचा हिशेब असा. वरचं पाणलोट 40 हेक्टर. या बाजूला तासाला 100 मिलिमीटरची सर धरावी, ताम्हिणीच्या पट्ट्यात त्याहून जास्तच. डोंगरउतार असल्यामुळे त्यातलं 0.6 वाहून येतं. 40 गुणिले 100 गुणिले 0.6 भागिले 360 (एककं जुळवायला): सेकंदाला सुमारे 6.7 घनमीटर. सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीचं पाणी जाऊ द्यायचं तर एका मीटर रुंदीतून साधारण 0.6 घनमीटर निघतं. म्हणजे रुंदी हवी 11 मीटर. होती तीन. आणि हा हिशेब सर्वात वाईट पुराचा नव्हे. लाल वर्ग असेल तर मी आकडा आणखी वाढवते आणि या कामाला सध्या काम करत असलेल्या संकल्पचित्र अभियंत्याची सही घ्यायला लावते, माझी नको.

यानंतर माथ्यावरून आणि उतारांवरून नागमोडी चाल. भेगा बघा. बांधाच्या आडव्या, म्हणजे पाण्याकडून खालच्या अंगाला जाणाऱ्या भेगा जास्त वाईट, त्यातून पाण्याला थेट वाट मिळते. फुगवटा, खचलेली जागा, वाकलेलं कुंपण टिपून ठेवा. बांधावर आंबा, सुबाभूळ लावलेली असते. मोठं झाड घाईने मुळासकट उपटू नका, ते काम अभियंत्याला विचारून, मुळांची पोकळी थराथराने ठोकून भरत करायचं. रोपटी मात्र आजच काढा. जेसीबीच्या बांधांत दबाई झालेली नसते. माती पंधरा-वीस सेंटीमीटरच्या थरात, पाणी मारून, रोलर फिरवून चढवायची असते. मध्ये काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरूम. नुसती ढकलून रचलेली माती पहिल्या दोन पावसाळ्यांत बसते आणि माथा नेमका मध्यावर खाली जातो, जिथे बांध सर्वात उंच असतो तिथेच.

खेकड्यांबद्दलही विचारतात. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि दोष खेकड्यांवर ढकलला गेला, तेव्हापासून हा विनोदाचा विषय झालाय. खेकडे आणि घुशी बिळं करतात हे खरं. पण बीळ दिसलं त्याच हंगामात ते उकरून, ओली माती ठोकून बुजवलं तर ते बीळच राहतं. तिवऱ्यात गावकरी आधीपासून गळती सांगत होते.

गळतीचं कोळवणला राखणदाराच्या बायकोने दाखवलं. आम्ही दोघं माथ्यावर पिचिंगचे दगड मोजत होतो, ती खाली पायथ्याशी उभी. "ताई, हितं या. हितलं गवात उन्हाळ्यातबी हिरवंगार ऱ्हातं. शेळीला म्या हितूनच कापते." मेच्या उन्हात सगळा उतार पिवळा आणि पायथ्याला चटईएवढा हिरवा तुकडा. चप्पल काढून पाय ठेवला तर गार लागलं. खालून बारीक धार ओघळत होती. तिथे छोटा चर काढून पाइपचा तुकडा बसवला, खाली रंगाची 20 लिटरची बादली लावली. 52 सेकंद. मग पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत तेच पाणी भरून पडवीत ठेवलं, सकाळी बघायला. तळाला गाळ बसला तर बांधाच्या पोटातली माती वाहून येतेय. दुसऱ्या दिवशी बाटली निवळ होती. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाझराला घाबरू नका, बदलाला घाबरा: धार अचानक वाढणं, गढूळ होणं, किंवा एकदम थांबणंसुद्धा.

बांधातून जाणारा पाइप असेल तर त्याच्या तोंडाभोवती हात फिरवून बघा. पाइपच्या अंगालगत ओल असेल तर ती गोष्ट त्याच आठवड्यात अभियंत्याला दाखवायची.

गढूळ पाणी दिसलं तर

खालून मातीचा बोळा कोंबू नका. पाणी दुसरीकडून फुटतं. तिथे आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी असा थर टाका, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. वाळू-खडीचे दोन ढीग मेमध्येच बांधाजवळ आणून ठेवा, जुलैत त्या रस्त्याने डंपर चढत नाही. साठा सायफनच्या पाइपने किंवा पंपाने उतरवायला घ्या. एरवी पाणी दिवसाला फूटभराहून वेगाने उतरवू नये, नाहीतर पाण्याकडचा ओला उतार घसरतो. पण बांध जायच्या बेतात असेल तर तेवढं बघत बसायचं नाही. घाबरून माथा कापू नका, पाणी एकदा त्या चरातून सुटलं की आवरत नाही. आणि हे सगळं करायच्या आधी खालच्यांना फोन. लाल बांधाच्या मालकाकडे तंबूवाला, मुकादम, पोलीसपाटील, सरपंच, तहसील कार्यालय यांचे नंबर कागदावर, राखणदाराच्या भिंतीला चिकटवलेले हवेत. 112 त्यात सर्वात वर. मोबाइलची रेंज नसेल तर रात्री ऐकू जाईल असा भोंगा, आणि तो वाजल्यावर कुठे चढायचं ते खालच्यांना दिवसाउजेडी चालून दाखवलेलं.

कोळवणच्या मालकांनी शेवटी सांडव्याचा उंबरठा एक मीटर उतरवला आणि रुंदी 12 मीटर केली. साठा 14,000 घनमीटरवर आला. सूत्रात घातला तर लोंढा 2,600 क्युसेकच्या आसपास. वर्ग लालच राहिला, कारण मजुरांच्या खोल्या तिथेच आहेत. तंबूवाल्याला त्यांनी स्वतः जाऊन नकाशा दाखवला. तो आधी बरंच बोलला, मग त्याने तंबू वरच्या माळावर नेले. लाकडी कट्टा आहे तिथेच आहे.

स्थितीची मोकळी ओळ मी भरली: सांडवा दुरुस्त, गळती निवळ, आठवड्याला मोजणे. पाण्याच्या कडेला एका दगडी खांबावर दर फुटाला लाल पट्टी रंगवून घेतली. मोजायचं काम राखणदाराच्या बायकोकडे, त्याचे वेगळे पैसे ठरवून. आषाढात तिचा फोन आला.

"ताई, बादली अठ्ठेचाळीस शेकंदात भरली."

"पाणी कसंय?"

"निवळ हाय. बाटली ठिवलीया."

"आणि तळं कुठवर चढलंय?"

"तिसरी पट्टी बुडाली. चौथीला चार बोटं कमी."

गेल्या खेपेला दुसरी पट्टी होती. चार सेकंद त्या चढलेल्या पाण्याचे. तारीख घालून तिला वहीत लिहायला सांगितलं, माझ्याही वहीत लिहिलं.